त्रिशलाबाईंची पट्टी

शाल पांघरून झाली, श्रीफळ देऊन झालं, टाळ्या झाल्या, आणि मग निवेदन करणाऱ्या बाईंनी माइकवर सांगितलं, "आता त्रिशलाताईंच्या मिस्टरांनीही दोन मिनिटं व्यासपीठावर यावं."

मिस्टर! भरतेश मगदूम, वय एकोणपन्नास, दक्षिणतीर नागरी सहकारी बँकेच्या ट्रेझरीचा प्रमुख, बावीस वर्षांची नोकरी. आणि सांगलीच्या भर सभागृहात त्याची ओळख काय, तर मिस्टर. तो हसत हसत वर गेला. हसावंच लागतं, समोर फोटोवाले असतात. त्याच्या हातात कुणीतरी गुलाबाचं एक फूल दिलं. शाल नाही, नारळ नाही, एक फूल. ते हातात धरून तो बायकोच्या शेजारी उभा राहिला आणि त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाहेर आला तर चहाच्या गाडीवाल्यानं विचारलं, "काय साहेब, वहिनींच्या पट्टीवर आज किती?"

"मला काय माहीत?" भरतेश खेकसला. "मी काय पट्टीवर बसलोय?"

आता ही पट्टी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर या माणसाचं पोट नेमकं कशानं दुखत होतं ते कळायचं नाही.

सांगलीच्या माणसाला फुटांची भाषा कळते. आयर्विन पुलाच्या खांबावर पाण्याची पट्टी रंगवलेली आहे. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. पावसाळ्यात इथं माणूस माणसाला कसा आहेस म्हणून विचारत नाही, पाणी किती फुटांवर म्हणून विचारतो. त्रिशला मगदूम पाटबंधारे खात्यात अठरा वर्षं हेच करत होती. धरणातून किती पाणी सुटलं, नदीला वाट कुठं अरुंद आहे, कुठल्या गल्लीत किती वाजता किती पाणी येईल, याचं गणित मांडणं हे तिचं काम. तिच्या अंदाजावर लोक घरातलं सामान वरच्या मजल्यावर चढवायचे.

आणि एक दिवस या बाईनं जेवताना नवऱ्याला विचारलं, "भरत, ते तुमचे रोखे रोखे म्हणतोस, ते असतात तरी काय?"

भरतेशला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. त्यानं आमटीच्या वाट्या ओळीनं मांडल्या. ही वाटी सरकार, ही बँक, ही ठेवीदार. "सरकारला पैसे कमी पडले की ते रोखे काढतं. म्हणजे कर्जाचे कागद. आम्हाला कायद्यानंच ठेवींचा ठरावीक हिस्सा असल्या कागदांत ठेवावा लागतो. सगळ्यात सुरक्षित म्हणून."

"आणि सरकारच अडचणीत आलं तर?"

"तर कागदाची किंमत पडते. तो तारण ठेवून एखाद्या बँकेनं दुसरीकडून पैसे उचललेले असतात. दुसरी म्हणते, आणखी तारण आण. मग ही बँक हातातले कागद विकायला काढते. सगळ्याच विकायला लागल्या की किंमत आणखी पडते. मग सरकारला नवं कर्ज महाग पडतं, म्हणजे सरकार आणखी अडचणीत."

"आणि अशा वेळी बँक बुडायला लागली, तर तिला वाचवायला कोण येतं?"

"सरकार."

त्रिशला घास हातात धरून वाट्यांकडे बघत राहिली. "म्हणजे सोडवायला येणारी बोट त्याच पुरात सापडलीय," ती म्हणाली.

पुढची चार वर्षं तिनं त्या वाट्यांचा पिच्छा सोडला नाही. लोकांना वाटतं पूर वरून येतो. सांगलीला तो पुष्कळदा खालून चढतो. खाली वाट तुंबली की पाणी मागं सरकतं, फुगवटा येतो, आणि वर पाऊस नसतानाही गल्ल्या भरतात. पैशाचं असंच होत असेल का, हा तिचा प्रश्न होता. म्हणून तिनं बँकांकडे पैशांचे आकडे मागितलेच नाहीत. मागितल्या फक्त वेळा. पैसे द्या असा हुकूम कधी आला आणि पैसे प्रत्यक्षात कधी सुटले. बस, एवढंच. घाबरलेली बँक कुठल्याही अहवालात 'आम्ही घाबरलोय' असं लिहीत नाही, पण तिचा हात अडखळतो. चार मिनिटांत सुटणारे पैसे अकरा मिनिटांनी सुटायला लागतात. तिच्या पैशांवर अवलंबून असलेली दुसरी बँक मग आपलेही धरून ठेवते. खाली वाट तुंबते, वर फुगवटा चढतो. भीती आधी वेळेत दिसते, पैशात फार उशिरा. नदीचं समीकरण या वेळांना जवळजवळ जसंच्या तसं लागू पडलं.

विश्रामबागच्या एका कार्यालयात कपाटाएवढं यंत्र बसलं. देशातल्या सोळाशे बँका आणि मोठ्या पतसंस्था त्याला जोडल्या. ज्या संस्थेचं स्वतःचं भांडवल जास्त तिची भिंत उंच, असा हिशेब. उत्तर फुटांत यायचं, कारण त्रिशलाला दुसरी भाषा सुचलीच नाही. एकूण पातळी वर्तमानपत्रात छापून यायची. ज्याची त्याची पातळी रोज सकाळी दहाला ज्याच्या त्याच्या चेअरमनला बंद संदेशात जायची. मुंबईच्या स्थैर्य समितीसमोर त्रिशलानं शपथ घेतली होती, कुठल्याही संस्थेची पातळी ती घरीदारी बोलणार नाही. लोकांनी यंत्राचं सरकारी नाव कधी घेतलंच नाही. त्रिशलाबाईंची पट्टी, एवढंच म्हणायचे.

आणि वाट्या कुणी मांडल्या होत्या? आमटीच्या वाट्या कुणी मांडल्या होत्या, हे कुणी विचारलं का? रोखे म्हणजे काय हे त्या बाईला शिकवलं कुणी? सत्कारावरून घरी आल्यावर भरतेशनं ती शाल कपाटात ठेवताना जरा जोरातच कोंबली. त्रिशलानं ती बाहेर काढली आणि नीट घडी करून परत ठेवली. तिचं हे घडी घालणंही त्याला झोंबलं.

पर्युषण पर्वाच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी सव्वादहाला चेअरमन बाबगोंडा आवटींनी भरतेशला केबिनमध्ये बोलावलं.

"मगदूम, पट्टीवर आपण एक्केचाळीस आहोत. शुक्रवारी पंचेचाळीस होणार म्हणतीय. हे काय आहे?"

काय आहे ते भरतेशला चांगलं माहीत होतं. लांबच्या एका राज्यानं, नाव घेत नाही, उगाच कुणाचं मन दुखवा, कर्मचाऱ्यांचे पगार दोनदा लांबवले होते. त्याच्या रोख्यांवर इतरांपेक्षा पाऊण टक्का व्याज जास्त मिळायचं, म्हणून भरतेशनं दोन वर्षांपूर्वी अडतीस कोटींचे घेऊन ठेवले होते. तेव्हा संचालक मंडळानं त्याची पाठ थोपटली होती. आता ते रोखे तारण म्हणून कुणी धरत नव्हतं, आणि बँकेचे पैसे सुटायला उशीर होत होता.

"साहेब, राज्य कधी बुडतं का?" तो म्हणाला. "यंत्र नदीसाठी केलेलं आहे. बँकेतलं त्याला काय कळतंय?"

"पण तुमच्या मिसेसचंच..."

"म्हणून तर सांगतोय!" त्याचा आवाज चढला. "मी शुक्रवारी ही पातळी चाळीसच्या खाली आणून दाखवतो. मग बोला."

खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्या डोक्यात बँक नव्हतीच. त्याला फक्त एवढंच दिसत होतं की शुक्रवारी पट्टी चुकते आहे, सगळ्यांसमोर चुकते आहे, आणि त्रिशला खाली मान घालून बसली आहे. मत्सर झालेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. त्यालाही दिसलं नाही.

बाजारात ते रोखे कुणी घेईना. पण भरतेशला एक वाट माहीत होती, आणि ती बावीस वर्षं या भागात काम केल्याशिवाय माहीत होत नाही. इकडच्या पतसंस्था शब्दावर व्यवहार करतात. एक फोन, एक भेट, एक सही. कागद नोंदवायचे महिनाअखेरीला. जयसिंगपूरच्या अक्षरबोध शिक्षक पतसंस्थेची अडतीस कोटींची ठेव दक्षिणतीर बँकेतच होती. ठेव मोडायची आणि तिच्या जागी पतसंस्थेच्या नावावर ते रोखे टाकायचे. पैसे कुठं हलायलाच नकोत. पैसे हलले नाहीत तर वेळ नाही, आणि वेळ नाही तर त्रिशलाच्या यंत्राला पत्ता नाही.

त्या पतसंस्थेची अध्यक्ष होती पद्मावती मगदूम, निवृत्त मुख्याध्यापिका, भरतेशची थोरली बहीण. वडील गेले तेव्हा भरतेश नववीत होता. अक्कानं लग्न केलं नाही. तिच्या पगारावर तो शिकला.

मंगळवारी तो कागद घेऊन गेला. अक्का घराच्या पुढच्या सोप्यात बसून भेंडी चिरत होती.

"अक्का, तुमची ठेव आहे ना, ती जरा रोख्यांत फिरवतोय. अर्धा टक्का व्याज जास्त पडेल. सरकारी कागद आहे."

"तू आणलायस ना? मग दे इकडं." तिनं पदराला हात पुसले. चष्मा आत होता, तो आणायला ती उठली नाही. "कुठं करू सही?"

त्यानं बोट ठेवलं. सही झाली. आत ठेवलेला चहा अजून उकळलाही नव्हता.

"थांब की, चहा घेऊन जा," अक्का म्हणाली. "वहिनीला सांग, पेपरात फोटो बघितला. मी कापून ठेवलाय."

त्याचा फोटो अक्कानं कधी कापून ठेवला नव्हता. अर्थात त्याचा फोटो कधी आलाच नव्हता, पण हे त्याला त्या वेळी सुचलं नाही.

तारणाची कटकट गेली, ठेव परत करायची जबाबदारी गेली. भरतेशनं ट्रेझरीतल्या पोरांना सांगितलं, आता आलेला हुकूम मिनिटात सोडायचा. शुक्रवारी सकाळी दहाला पट्टीनं दक्षिणतीर बँकेची पातळी दाखवली, छत्तीस फूट.

आवटींनी पेढे मागवले. तेवढ्यावर थांबले नाहीत, पत्रकारांना बोलावून दोन्ही संदेश दाखवले, सोमवारचा आणि शुक्रवारचा. स्वतःची पातळी स्वतः सांगायला बंदी नव्हती. शनिवारी पहिल्या पानावर मथळा होता: 'पट्टी चुकली!' रविवारपर्यंत आणखी नऊ बँकांनी आम्ही या आकड्यावर यापुढे विसंबणार नाही असं कळवून टाकलं. समितीनं त्रिशलाला पत्र पाठवलं. बुधवारी दुपारी चार वाजता खुलासा करावा. समाधान झालं नाही तर यंत्र बंद करण्यात येईल.

रविवारी पर्व सुरू झालं. त्रिशलाचा एकभुक्त उपास होता. दुपारचं जेवण आटोपून ती टेबलाशी बसली होती, आणि तिनं तिथं रिकाम्या वाट्या मांडल्या होत्या. भरतेश शीळ घालत आला.

"काय, सापडली का चूक?"

"नाही. पाणी नाहीसं होत नाही, भरत. तुमच्याकडं ते उतरलं म्हणजे दुसरीकडं कुठंतरी गेलं. पण कुठल्याच संस्थेची पातळी वाढलेली नाही. वाट दिसत नाही आणि पाणी तर गेलंय."

"यंत्र चुकलं असेल, मान्य करून टाक ना. कमीपणा कसला त्यात?"

त्याला वाटलं होतं ती चिडेल. तिनं मान वर केली आणि सरळ सांगितलं, "चुकलं असेल तर चारचौघांत मान्य करीन. पण आधी बघून तर घेऊ दे."

शीळ बंद पडली. ही बाई हरतानासुद्धा आपल्यापेक्षा चांगली हरते, हे त्याला कळलं आणि त्याचा राग आला. तो तिथून उठून गॅलरीत गेला आणि उगाच कुंड्यांना पाणी घालत बसला.

मंगळवारी संध्याकाळी बातमी आली. लांबच्या त्या राज्यानं सगळ्या रोख्यांचे हप्ते तीन महिने थांबवले होते. बुधवारी सकाळी अकराला अक्काचा फोन आला.

"भरत, जरा येऊन जातोस का? मंडळी आलीत."

तो गेला. पतसंस्थेच्या दारात तीनशे तरी माणसं असतील. सगळे निवृत्त मास्तर नि बाई. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात पासबुकाची पिशवी. अक्कानं शाळेसारखं केलं होतं. म्हाताऱ्यांसाठी बाकं बाहेर आणली होती आणि स्वतः वही घेऊन एकेकाचं नाव पुकारत होती. कुणाला औषधाला पाहिजे होते, कुणाच्या नातीची फी होती. ज्याला अगदीच निकड त्याला हजार-दोन हजार देऊन ती पुढचं नाव घेत होती. भरतेश दिसल्याबरोबर तिनं वही मिटली.

"हा बघा आला माझा भाऊ. ट्रेझरीत आहे. आता बघतोय तो सगळं."

माणसांनी वाट करून दिली. एका म्हाताऱ्या सरांनी उठून त्याला स्वतःची जागा दिली. त्याला आठवलं, यांनी त्याला पाचवीत भूमिती शिकवली होती. तो बसला नाही. अक्काच्या मागून आत गेला.

"ते कागद विकून दे की बाळा," अक्का हळूच म्हणाली. "सगळे नाही, निम्मे दे. आठवडाभर निभेल."

"अक्का, आज ते घेणारं कोणी नाही."

"मग उद्या?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

अक्का खुर्चीवर बसली. दिवाळीनंतर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याचे पैसेही इथंच होते, पण ती ते बोलली नाही. ती म्हणाली, "माझं राहू दे. शिरोळ, कुरुंदवाड, उदगाव, अशा सहा पतसंस्थांनी आमच्याकडं ठेवी ठेवल्यात. तेही शब्दावरच. ते आज निवांत आहेत. का, तर पट्टीवर आम्ही अठ्ठावीस फुटांवर आहोत म्हणून. हा बघ, सकाळचाच संदेश, मीच त्यांना पुढं पाठवलाय." तिनं फोन पुढं केला. "दारात तीनशे माणसं उभी आहेत आणि यंत्र म्हणतंय अठ्ठावीस. वहिनीचं यंत्र असं कसं रे चुकलं?"

भरतेशनं आकड्याकडे बघितलं. यंत्र चुकलं नव्हतं. त्यानंच यंत्राच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. अक्काकडून सहा ठिकाणी, त्या सहांकडून आणखी कुठं कुठं, आणि प्रत्येक ठिकाणी माणसं अठ्ठावीस फूट म्हणून निवांत. आज चारला यंत्र बंद झालं तर तेवढंही दिसायचं नाही. पाणी नेमकं कुठल्या भोकातून गेलं हे साऱ्या देशात एकाच माणसाला माहीत होतं.

परतताना अंकलीच्या पुलावर गाडी अडकली. तिथं त्याच्या मनानं त्याला छान समजावलं. गप्प बस. महिनाअखेर लांब आहे, कागद अजून नोंदलेला नाही. यंत्र बंद होईल, कुणी विचारणार नाही. तुझी नोकरी राहील. आणि तिचा तो तोरा, त्या शाली, तो चहावाला, सगळं संपेल. पुन्हा सांगलीत ती मगदूमसाहेबांची मिसेस होईल. हे सगळं त्याला खरोखर हवं होतं. मग त्याला आपल्यासाठी जागा सोडून काठीवर उभे राहिलेले भूमितीचे सर आठवले, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

तीन वाजून वीस मिनिटांनी तो विश्रामबागच्या कार्यालयात शिरला. त्रिशला एकटीच होती. समोर पडद्यावर नकाशा होता, सोळाशे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा.

"पाणी अक्काकडं गेलंय," तो दारातूनच म्हणाला. "मी सोडलं. शब्दावर. ठेव मोडून रोखे टाकले, पैसे हललेच नाहीत, म्हणून तुला दिसलं नाही." आणि मग, थांबला असता तर बोलणं झालंच नसतं म्हणून, एका दमात, "बँकेसाठी नाही केलं. तू चुकावीस म्हणून केलं. मला तुझं बघवत नाही, त्रिशला. गेली चार वर्षं बघवत नाही."

तिनं नकाशा मोठा केला. दक्षिणतीर बँकेपासून जयसिंगपूरच्या ठिपक्यापर्यंत एक तुटक रेघ तिनं आधीच काढून ठेवली होती.

"तुला कधी कळलं?"

"काल रात्री बातमी ऐकल्यावर. तुमचे रोखे कुठले ते सगळ्या सांगलीला माहीत आहे. आणि तू असली गोष्ट घेऊन आणखी कुणाकडं जाणार? सही मागायला तुला एकच घर आहे."

"मग काल बोलली का नाहीस?"

"पुरावा नव्हता. आणि..." तिनं नकाशा पुन्हा लहान केला. "वाट बघत होते. तू सांगशील म्हणून. चारपर्यंत बघणार होते. चारला मी सांगितलंच असतं भरत, तुझ्या नावासकट. तसलं काही मनात ठेवू नकोस."

म्हणजे तिला चार वाजता सुटायला त्याची गरजही नव्हती. यातही तीच पुढं. भरतेशला त्या अवस्थेतही हे टोचलं, आणि आपल्याला अजून टोचतंय याची त्याला लाज वाटली.

चार वाजता पडद्यावर समिती आली. खुलासा भरतेशनं केला. आधी स्वतःचं सांगितलं, तारखेसकट, सहीसकट. मग समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "असे व्यवहार आणखी किती असतील?"

"या तीन तालुक्यांत? सांगतो." आणि तो सांगत गेला. कुठली पतसंस्था कुणाच्या शब्दावर ठेव ठेवते, कोण कुणाचा साडू, कोण कुणाचा विद्यार्थी, कुठला चेअरमन कुणाला फोनवर नाही म्हणू शकत नाही. बावीस वर्षांत डोक्यात साठलेलं सगळं बाहेर आलं. एक्केचाळीस रेघा झाल्या. त्रिशला भराभर नकाशावर काढत होती. प्रत्येक रेघेबरोबर आकडे बदलत होते. अक्काची पतसंस्था एकोणपन्नास. शिरोळ चव्वेचाळीस. दक्षिणतीर बँक शेहेचाळीस. समितीतली माणसं कान देऊन ऐकत होती, आणि भरतेशला, खोटं कशाला बोला, मध्येच एकदा बरंही वाटलं.

गुरुवारी सकाळी दारं उघडायच्या आत त्या सहा पतसंस्थांना आणि अक्षरबोधला तातडीची रोकड पोचली. कुणी बुडालं नाही. पण अक्षरबोधच्या सभासदांना महिन्याला ठरावीकच रक्कम मिळणार होती, रोखे परत दक्षिणतीर बँकेच्या गळ्यात पडणार होते, आणि हे सुरळीत व्हायला दोन वर्षं तरी लागणार होती. अक्काचं ऑपरेशन पुढं ढकललं. भरतेश निलंबित झाला, चौकशी बसली. आवटींनी ओळख दाखवायचं बंद केलं.

यंत्र चालू राहिलं. समितीनं देशभर परिपत्रक काढलं, शब्दावरचे व्यवहार यापुढे कळवलेच पाहिजेत म्हणून. यंत्राला न दिसणाऱ्या अशा वाटेला परिपत्रकात एक नावही दिलं होतं: 'मगदूम भगदाड'. त्रिशलानं ते त्याला दाखवलं आणि विचारलं, "काढायला सांगू का?"

"राहू दे," तो म्हणाला. "निदान कुणी मिस्टर तरी म्हणणार नाही."

ती हसली. दहा दिवसांत पहिल्यांदाच हसली.

पर्व संपलं आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी आपल्याकडून कळत-नकळत ज्याचं मन दुखावलं त्याच्या दारी जाऊन क्षमा मागायची, अशी रीत आहे. एरवी दोघं अक्काकडे जायचे, पाया पडायचे, लाडू खाऊन यायचे. यंदाही गेले. यंदा दोघांच्या हातांत एकेक कागद होता. त्याच्याकडे तो व्यवहार रद्द करण्याचा अर्ज. तिच्याकडे पतसंस्थेचे शब्दावरचे व्यवहार पट्टीला जोडायचं संमतिपत्र. दोन्हीवर पतसंस्थेची अध्यक्ष म्हणून अक्काची सही हवी होती.

"उत्तम क्षमा, अक्का," भरतेश वाकला.

"उत्तम क्षमा," अक्का म्हणाली. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मागितलीस, दिली. तो विषय संपला. बस की."

लाडू आले, चहा आला. भरतेशनं कागद पुढं केला आणि सवयीनं सहीच्या जागेवर बोट ठेवलं. "इथं, अक्का."

अक्कानं कागद घेतला. गुडघ्यावर हात ठेवून ती सावकाश उठली, आत गेली आणि चष्मा घेऊन आली. काचा पदरानं पुसल्या. मग पहिल्या ओळीखाली बोट ठेवून ती वाचायला लागली, उत्तरपत्रिका तपासायची तशी. एका ठिकाणी थांबून तिनं विचारलं, "ही तारीख बरोबर आहे?" भरतेश म्हणाला, हो. तिनं पान उलटलं. आणखी एका ठिकाणी विचारलं, "याचा अर्थ नीट सांग." त्यानं सांगितला. ती पुन्हा वरून वाचायला लागली. समोरच्या भिंतीवर शाळेनं निवृत्तीच्या वेळी दिलेलं घड्याळ होतं, आणि भरतेशला त्याच्याकडे बघण्याशिवाय दुसरं काही करता येईना. कागद पुढं केल्यापासून सही होईपर्यंत सतरा मिनिटं गेली. चहावर साय धरली होती.

अक्कानं चष्मा काढून डबीत घातला आणि डबी मिटली.

त्रिशलाला आपला कागद पुढं करायचा धीर होईना. तो ती पिशवीतच चाचपत राहिली. अक्कानंच हात पुढं केला.

"तुझा पण आहे ना गं? आण इकडं. कुठं करू सही?"

चष्म्याची डबी मिटलेलीच होती. त्या सहीला किती वेळ लागला, ते भरतेशनं मोजलं नाही. मोजण्याइतका वेळ गेलाच नाही.